गच्चीवरची चूल : वारा सुटला की स्मोकर थंड पडतो, काय करू?

या खेपेला आलेल्या प्रश्नांत वाऱ्याचेच जास्त आहेत आणि ते साहजिक आहे, मे संपत आला की माळव्यात वारा असा सुटतो की वाळत घातलेली चादर तिसऱ्या घराच्या गच्चीवरून आणावी लागते, देवासजवळ जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या काय उगाच उभ्या आहेत? पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या (पेलेट) जाळून त्यांच्या आचेवर आणि धुरावर मांस शिजवणारं, विजेवर चालणारं मशीन, आपल्याकडे अजून मोजक्याच घरांत आहे हे खरं, पण ज्यांच्याकडे आहे ते पत्रं मोठी लिहितात. मी जरा काटछाट केलीय, रागावू नका.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा दहा वर्षांनी अमेरिकेतून परत आला, त्याच्या सामानाच्या कंटेनरमध्ये पेलेट स्मोकरही आला. तो नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि मशीन आमच्या गच्चीवर राहिलं. मी २२५ फॅरनहाइट लावतो. वारा नसला तर काटा २१० च्या आसपास असतो, संध्याकाळी वारा सुटला की १७०-१८० वर येऊन बसतो. मागच्या रविवारी चार तास झाले तरी कोंबडी आत कच्चीच, जेवायला बोलावलेली मंडळी शेवटी पोहे खाऊन गेली. मशीन बिघडलंय का? मुलगा फोनवर म्हणतो, बाबा गोधडी टाका वरून. टाकू का? (एक निवृत्त काका, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : काका, गोधडी टाकू नका! मुलगा म्हणतोय ती बहुतेक या मशीनसाठी मिळणारी आग न पकडणारी इन्सुलेशनची चादर असणार, घरातली कापसाची नव्हे. तिच्याकडे नंतर येते.

तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. वारा नसतानाही मशीन २२५ ला पोचत नाही, २१० लाच राहतं, म्हणजे वाऱ्याच्या आधीच कुठेतरी घोडं अडलंय. अमेरिकेतलं मशीन म्हणजे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तुम्ही स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला असणारच, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळं जळालं असतं. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ आपल्याकडचे ५० ते ५० च राहतात, आणि जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये पेलेट पुढे ढकलणारा जो स्क्रू असतो, ऑगर म्हणतात त्याला, त्याची मोटर आणि पंख्याची मोटर दोन्ही एसी असतात, त्यांचा वेग हर्ट्झवर ठरतो. साठच्या जागी पन्नास म्हणजे साधारण सहावा हिस्सा वेग गेला, पेलेट कमी पडतात, हवाही कमी मिळते. शांत हवेत कंट्रोलर ऑगर जास्त वेळ फिरवून कसंबसं भागवतो, वारा सुटला की त्याच्याकडे वाढवायला काही उरतच नाही. प्लग काढून मोटरवरचं लेबल बघा, डीसी लिहिलं असेल तर हा त्रास तुम्हाला नाही. एसी ६० हर्ट्झ असेल तर त्याच जागी बसणारी ५० हर्ट्झची मोटर मिळवा, किंवा ते होईपर्यंत सरळ २५० लावून चालवा. शिवाय एक साधा ओव्हन थर्मामीटर जाळीवर ठेवून बघा, मशीनचा सेन्सर भिंतीला लागून असतो, तो सांगतो ते आणि जाळीवर असतं ते यात सहज दहा-पंधरा डिग्रीचा फरक निघतो.

आता वारा. हे मशीन मुळात घरं गरम करायच्या पेलेट भट्टीचं भावंड, ऑरेगनमधल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांचा घरं गरम करणाऱ्या यंत्रांचाच धंदा होता, आणि पेलेट ग्रिलचं पेटंट त्यांना १९८६ मध्ये मिळालं. भट्टी घरात असते, हे बिचारं उघड्यावर उभं असतं, आणि बहुतेकांच्या अंगावर एकेरी पातळ पत्रा. गरम दूध ताटलीत ओतून फुंकर घातली की कसं निवतं, तसं वारा त्या पत्र्याची उष्णता ओढून नेतो. सेन्सर म्हणतो गार झालं, कंट्रोलर पेलेट ढकलतो, तेवढ्यात वारा पडतो आणि तापमान भसकन वर जातं, मग तो पेलेट थांबवतो, मग परत झोत येतो. तुम्ही काट्याकडे बघत बसलात तर डोकंच फिरेल, म्हणून दर पाच मिनिटांनी बघू नका, अर्ध्या तासाची सरासरी बघा, वीस-पंचवीस फॅरनहाइट वरखाली होणं त्या दिवशी चालतंच.

खरा उपाय म्हणजे मशीन फिरवणं. उदबत्ती पेटवून गच्चीवर चार ठिकाणी उभे राहा, धूर कुठे जातोय ते बघा. पावसाळ्याआधी आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, पण गच्चीवर जिन्याची खोली, टाकी, शेजारची उंच बिल्डिंग यांच्यामुळे तो कुठूनही वळतो. चिमणी बाजूला असेल तर मशीनची पाठ वाऱ्याकडे करा, म्हणजे झाकण उघडलं तरी ते झाकणच आडोसा देतं. मात्र काही नव्या मॉडेलना चिमणीच नसते, धूर मागच्या लांबट फटींतून बाहेर पडतो, त्यांची पाठ वाऱ्याकडे केलीत तर धूर आत कोंबला जाईल, तिथे उलटं करा. आणि हॉपरच्या, म्हणजे पेलेटच्या पेटीच्या, खाली पंख्याचं तोंड असतं, तिथे थेट झोत लागू देऊ नका, आगीला नको तेव्हा हवा मिळते.

आडोसा करायचा तर विटांचा करा, सिमेंट न लावता, मध्ये बोटभर फटी ठेवून, कमरेइतका. फटी कशाला असं तुम्ही विचाराल म्हणून सांगते, सलग भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करतो, फटींतून आला तर मंदावून येतो. याच कारणासाठी कठड्याला चिकटून मशीन ठेवू नका, कठड्याच्या आतल्या बाजूलाच सगळ्यात जास्त गरगर असते, पालापाचोळा कुठे गोल फिरतो बघा, तीच ती जागा. विटांपासून दोन फूट तरी लांब. हिरवी शेडनेट, ताडपत्री, बांबूच्या ताट्या यातलं काही नको, एका ठिणगीचं काम आहे. काळी पाण्याची टाकी आडोशाला बरी वाटते पण ती प्लास्टिकची, तिच्यापासूनही लांबच.

ती इन्सुलेशनची चादर तुमच्या मॉडेलची मिळाली तर जरूर घ्या, चिमणी, हॉपर आणि पंख्याचं तोंड उघडं राहील अशीच ती शिवलेली असते. नाही मिळाली तर घरात पडलेला बिडाचा जुना तवा किंवा दोन कोरड्या विटा फॉइलमध्ये गुंडाळून जाळीच्या एका कडेला ठेवा आणि मशीन पंधराऐवजी तीस-चाळीस मिनिटं रिकामं तापवा. तो तवा एकदा तापला की झाकण उघडून बंद केल्यावर काटा लवकर सावरतो, मी स्वतः हेच करते, आमच्या आजेसासूबाईंचा घावनांचा तवा आहे तो, त्यांना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. तुमच्या कंट्रोलरवर पी सेटिंग असेल तर वाऱ्याच्या दिवशी तो आकडा एकाने कमी करा, पी म्हणजे दोन ढकलण्यांमधली विश्रांती, आकडा कमी तर पेलेट लवकर लवकर. पेलेट जास्त जाणारच, एरवी तासाला अर्धा किलो लागत असतील तर वाऱ्यात पाऊण-एक किलो धरून हॉपर भरा.

आणि कोंबडीबद्दल जरा कडक बोलते. चार तास ती कोमट राहिली असेल तर परत गॅसवर शिजवून वाढण्यातही अर्थ नाही, ५ ते ६० सेल्सिअसच्या मध्ये मांस इतका वेळ राहिलं की टाकूनच द्यायचं. तुम्ही पोहे वाढलेत हे फार छान केलंत. कोंबडीला २२५ ची गरजच नाही, २७५ ते ३०० फॅरनहाइटवर करा, म्हणजे १३५ ते १५० सेल्सिअस, कातडीही रबरासारखी होत नाही. सुरीने टोचून रंग बघू नका, प्रोब, म्हणजे टोचायचा थर्मामीटर, मांडीच्या जाड भागात हाडाला न लागता घाला, ७४ सेल्सिअस आलं की झालं. बोकडाच्या रानेसारखं (रान म्हणजे अख्खी मांडी) कमी आचेवरचं काम मात्र वारा नसलेल्या दिवशी ठेवा. ६५-७० सेल्सिअसला रान तासन्‌तास अडकून बसते कारण वरून ओल उडत राहते आणि ती ओल मांस गार करते, घाम आल्यावर आपल्याला होतं तसंच, त्यात मशीनमध्ये वारा घुसला तर अजूनच. तिथे घाबरून आच वाढवू नका, फॉइलमध्ये गच्च गुंडाळा, पुढे सरकते.

हो, झाबुआचा कडकनाथ कोंबडा स्मोकरमध्ये होईल का असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय. त्याला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन, मिळालं, नाव मोठं झालं, पण चरबी नावालाच. वाऱ्यात स्मोकरमध्ये ठेवलात तर चामडं होईल. त्याचा रस्साच करा.

प्रश्न : ताई, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी मोठी आहे पण वारा इतका की लायटर पेटत नाही. मिस्टरांचं म्हणणं, बाल्कनीच्या काचा सरकवून बंद केल्या आणि एक्झॉस्ट लावला तर छोटा पेलेट स्मोकर सहज चालेल. घेऊ का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : नाही. काचा बंद केल्यात की ती बाल्कनी राहिली नाही, खोली झाली, आणि लाकूड जळतं तिथे कार्बन मोनॉक्साइड होतोच, त्याला रंग नाही, वास नाही, डोकं दुखायला लागतं तेव्हा माणसाला वाटतं ऊन लागलं. एक्झॉस्टने तो जातो असं धरून चालू नका. काचा उघड्या ठेवल्या तरी वर पाचव्या मजल्याची बाल्कनी म्हणजे तुमच्या चिमणीचं छप्पर. सोसायटीच्या गच्चीची परवानगी मिळाली तर घ्या, नाहीतर मिस्टरांना सांगा की सध्या डाळीला तूप-कोळशाचा धुंगार देऊ, तोही खिडकी उघडून.

प्रश्न : ताई, दोन प्रॉब्लेम आहेत. एक, वारा आला की माझ्या मशीनची आग मध्येच विझते, काटा खाली खाली जात राहतो आणि मग मी ऑफ करून लगेच ऑन करतो, परवा त्यातून इतका पांढरा धूर आला की खालून लोक विचारायला आले. दुसरा, बाहेरचे पेलेट फार महाग पडतात, इथे एका कारखान्यात बॉयलरचे पेलेट गोणीने मिळतात, दिसायला अगदी सेम, ते वापरू का? आणि पाऊस-वारा एकदम आला तर वरून ताडपत्री टाकली तर चालेल ना? (भिया कंपनीतला एक मेंबर, इंदूर)

उत्तर : भिया, हे दोन नाही तीन झाले, आणि तिन्ही ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

आग विझल्यावर लगेच ऑन, हे मी केलंय, म्हणून सांगते. फेब्रुवारीतली गोष्ट, वारा नुसता घोंघावत होता, मी खाली जाऊन कणीक मळून आले तोवर काटा ९० फॅरनहाइटवर. आग कधीच विझली होती, पण कंट्रोलरला ते कुठे कळतंय, त्याला फक्त गार लागतंय, तो बिचारा पेलेट ढकलतच राहिला आणि फायरपॉट, म्हणजे ज्या वाटीएवढ्या भांड्यात आग असते ते, काठोकाठ भरून बाहेर सांडलं. मी ते न बघता परत चालू केलं. इग्नायटर, म्हणजे आग पेटवणारी कांडी, लाल झाला, खालचे पेलेट धुमसायला लागले, पिवळट पांढरा धूर, इतका दाट की कढईतून ओतावा. आत तो पेटायला टेकलेला धूर साठलेला आणि मी काय करावं, तर झाकण उघडलं. हवा मिळाली आणि भप्प! आवाज फार मोठा नव्हता, पण पुढचे केस आणि उजवी भुवई गेली, महिनाभर पेन्सिलने काढत होते. नवरा म्हणाला, एवढं तर होळीतही जळत नाही.

तर तुम्ही असं करा. काटा सारखा खाली जातोय आणि चिमणीतून धूर नाही, किंवा एकदम दाट पांढरा आहे, तर स्विच बंद, प्लग काढा, झाकण बंदच राहू द्या आणि लांब व्हा. पूर्ण गार झाल्यावर जाळी, ट्रे, वरचा पत्रा काढा, फायरपॉटमधले पेलेट आणि राख उपसून टाका, जुना व्हॅक्यूम असेल तर त्याने ओढा, पण आत एकही निखारा नाही हे हाताने चाचपून मगच. मग झाकण उघडं ठेवून चालू करा, आग धरली, धूर पातळ झाला की बंद करा. धूर जवळजवळ न दिसणारा निळसर हवा, पांढऱ्या धुरात ठेवलेलं मांस कडू लागतं. आग पुन्हा पुन्हा विझत असेल तर फायरपॉटची भोकं राखेने बुजलीयत का ते आधी बघा, निम्म्या वेळा दोष वाऱ्याचा नसतोच. आणि चिमणीची टोपी वारा येतो म्हणून पूर्ण खाली आवळत जाऊ नका. दोन बोटं फट राहिलीच पाहिजे, नाहीतर धूर उलटा ऑगरच्या नळीतून हॉपरकडे निघतो आणि त्याच्यामागून आगही.

हे उलटं जळणं लाइट गेल्यावरही होतं. पंखा थांबतो, भांड्यातली आग विझत नाही, धुमसत धुमसत नळीत शिरते. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर मशीन असलेलं बरं, साइन वेव्हवालाच हवा, स्क्वेअर वेव्हवर या मोटरी कुरकुरतात. इग्नायटर सुरुवातीची काही मिनिटं दोन-तीनशे वॅट घेतो, नंतर सगळं मिळून पन्नासेक वॅट, एका पंख्याइतकं. हॉपरमधून धूर दिसला तर प्लग काढा, हॉपरचं झाकण लावा, मशीनचंही लावा. पाणी मारू नका, आत वीज आहे आणि खाली चरबीचा ट्रे आहे. वाळूची बादली शेजारी ठेवा, दिवाळीत ठेवतो तशी.

बॉयलरचे पेलेट अजिबात नाही. दिसायला सेम असतात कारण मशीनचा साचा सेम असतो. त्यात सोयाबीनचा भुसा, शेंगांची टरफलं असतील तर एक वेळ ठीक म्हणू, पण प्लायवूडचा भुसा आला तर सोबत गोंद आणि केमिकल येतात, आणि आत काय गेलंय ते कोण सांगणार, बॉयलरला काही जेवायचं नसतं. खायच्या कामासाठी असलेले, नुसत्या लाकडाचेच घ्या. फारच महाग पडतायत तर साधी कोळशाची शेगडी आणि वर आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळक्या लाकडाचे दोन तुकडे, धूर तोच मिळतो, फक्त तुम्हाला जवळ बसावं लागेल.

ताडपत्री चालू मशीनवर नाही, विझवून पूर्ण गार झाल्यावर टाका. पावसाचे थेंब मशीनच्या अंगावर पडले म्हणून काही बिघडत नाही, हॉपरमध्ये आणि प्लगपाशी पाणी गेलं तर बिघडतं. प्लगला अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद पडणारा स्विच) आहे ना? पेलेट ओले झाले की फुगून परत भुसा होतात, ऑगरमध्ये गेले तर सिमेंटसारखे बसतात, मग तो स्क्रू काढायला अख्खा रविवार जातो. पावसाळ्यात प्रत्येक वेळी हॉपर रिकामा करा, पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात. एक पेलेट मोडून बघा, कट् असा आवाज आला, तुकडा चकचकीत असला तर चांगला. वाकला, चुरला, तर फेका.

प्रश्न : ताई, आमच्याकडे स्मोकरवर दर शनिवारी चिकन होतं, पण मी आणि सासूबाई शाकाहारी. त्याच मशीनवर बाफले किंवा भुट्टे होतील का? दुसरं म्हणजे शेजारच्या गच्चीवर जैन कुटुंब आहे, वारा त्यांच्याकडे असला की त्या काकू दार आपटून बंद करतात. स्वभावाने फार चांगल्या आहेत हो. (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : वहिनी, बाफले, म्हणजे आपले उकळून भाजायचे कणकेचे गोळे, फार सुंदर होतात, आणि वाऱ्याच्या दिवशी तर गोवऱ्यांपेक्षा हेच बरं, गोवऱ्यांच्या ठिणग्या गच्चीभर उडतात. नेहमीसारखे हळदीच्या पाण्यात उकळून, निथळून, कोरडे करा आणि १८०-२०० सेल्सिअसवर साधारण पाऊण तास, मध्ये एकदा उलटा, भेगा पडायला लागल्या की झाले. एवढ्या आचेवर धूर कमीच लागतो, गोवऱ्यांचा वास काही यायचा नाही, सासूबाई म्हणतीलच ते.

भुट्ट्यांची मात्र मजा आहे. सालं मागे ओढून केस काढा, सालं परत झाकून पाण्यात बुडवा, मग ११० सेल्सिअसवर तासभर ठेवा. धूर गार आणि ओल्या पृष्ठभागाला जास्त धरतो, म्हणून कणसं फ्रिजमधून काढून थेट ठेवलीत तरी चालेल. मग किसून दुधात कीस करा, हिंग-मोहरीची फोडणी, वरून जिरावण मसाला. आमच्याकडे पहिल्यांदा केला तेव्हा ज्यांना मी सांगितलंच नव्हतं ते विचारत होते की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून आणलास का.

तुम्हा दोघींसाठी वेगळी जाळी घ्या आणि ती शनिवारी खाली आणून ठेवा. चरबीचा ट्रे मात्र एकच असतो, फॉइल दर वेळी बदला, नाहीतर भुट्ट्यालाही चिकनचाच धूर लागेल.

शेजारच्या काकूंचं म्हणाल तर शनिवारची वेळ वाऱ्याच्या हिशोबाने बदलून बघा. सकाळी सहा ते नऊ वारा बहुतेक मंद असतो, सहाला पेटवलं तर कोंबडी नऊपर्यंत होऊन जाते आणि तेव्हा कोणी गच्चीवर पापड-कपडे वाळत घालायला आलेलं नसतं. पर्युषणात आणि चातुर्मासातल्या त्यांच्या तिथ्यांना मशीन बंदच ठेवा, कधी आहे ते त्यांनाच जाऊन विचारा, विचारलेलं आवडतं लोकांना. आणि कीस त्यांना वाटीभर पाठवावा असं तुमच्या मनात आलंच असेल, तर ती वाटी घेऊन जिना उतरण्याआधी एवढं ठरवा, की त्यांनी हसत हसत विचारलं, वहिनी, हे त्याच मशीनमधलं का हो, तर काय सांगणार.